रोबोटला मराठीच्या तासालाही बसू द्या

मा. शिक्षणमंत्री, गोवा राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

‘केअर्स’ योजनेतून आपल्या शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स आले, हे चांगलेच झाले. सेन्सरपुढे हात धरल्यावर गाडी आपोआप थांबते, तेव्हा सहावीतल्या पोरांचे चेहरे बघावेत! तक्रार त्याबद्दल नाही. मी मराठी शिकवतो, आणि हा रोबोट मूळचा आमच्या खात्यातला आहे.

तो जन्मला नाटकात. कारेल चापेक या चेक लेखकाने 1920 साली ‘आर. यू. आर.’ लिहिले. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात ते 25 जानेवारी 1921 रोजी झाले; पण त्याआधीच दुसऱ्या एका गावातल्या हौशी मंडळींनी त्याचा प्रयोग लावून टाकला होता. जत्रेच्या नाटकासाठी रात्ररात्र तालमी करणाऱ्या आपल्या लोकांना याचे नवल वाटायचे नाही.

त्यातले रोबोट पत्र्याचे नाहीत. कृत्रिम मांसाचे, फक्त राबण्यासाठी घडवलेले. ते उठाव करतात, माणसे मारली जातात, उरतो आल्क्विस्ट नावाचा एकटा माणूस. रोबोट बनवण्याची कृती जळून गेलेली. ती शोधायला तो एका रोबोट तरुणीला चिरायला निघतो. तिच्या सोबतीचा रोबोट आडवा येतो: तिच्याऐवजी मला घ्या. त्याला न्यायला निघावे, तर ती पुढे होते.

हा प्रवेश आठवीत वाचून विचारावे, ही दोघे माणसे की नाहीत? बरेच जण ‘हो’ म्हणतील. मग एखादी मुलगी विचारेल, जीव द्यायला निघाली म्हणून ही माणसे, तर चिडून उठली तेव्हा कोण होती? आणि राबायला त्यांना घडवणारे? (आपल्या इमारती बांधणाऱ्यांतल्या किती जणांची नावे आपल्याला ठाऊक असतात, हेही त्याच ओघात निघेल. निघू दे.)

‘कथेतील वैज्ञानिक तत्त्व स्पष्ट करा’ या साच्यातल्या प्रश्नाने यातले काहीच हाती लागत नाही. विज्ञानकथा म्हणजे वेष पालटून आलेला विज्ञानाचा धडा, हा समज आता सोडायला हवा. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती टोपणनावाने. 2021 साली ते नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. संमेलनाने विज्ञानकथेला पंगतीत घेतले, परीक्षेनेही घ्यावे.

लिहायला विषय इथेच पडले आहेत. साळावली धरणात गेलेले कुर्डी गाव उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते आणि तिथली माणसे तिथे पुन्हा जमतात. शंभर वर्षांनी तिथे कोण जमेल, हे त्याच सांगे तालुक्यातल्या मुलांनी लिहावे.

मागणे लहान आहे. आठवीच्या मराठीत एक विज्ञानकथा, तिच्यावर स्वतःचे मत मांडायला लावणारा एक प्रश्न, आणि रोबोटिक्सच्या तासिकांतल्या वर्षाला दोन मराठीच्या शिक्षकाला. रोबोटिक्सच्या सरांनीही तेव्हा वर्गात बसावे. भांडायला कोणीतरी हवे.

आपला,
गोव्यातला एक मराठी शिक्षक