टॅटूची वर्षे परिचयातून खोडू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातील एका शाळेत मी अनेक वर्षे चित्रकला शिकवली. माझा एक विद्यार्थी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा देऊन थांबला. घरच्या परिस्थितीमुळे कलामहाविद्यालय शक्य नव्हते, म्हणून तो टॅटूच्या दुकानात कामाला लागला आणि आज तैलरंगात वास्तववादी व्यक्तिचित्रे रंगवतो. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी आयोजकांनी त्याला टॅटूचा व्यवसाय परिचयात लिहू नकोस, चित्रांची किंमत कमी होते, असे सुचवले आणि त्याने ते ऐकले. मला याचे फार वाईट वाटले, कारण त्याचा हात त्याच दुकानात तयार झाला आहे.

कातडीवर चुकलेली रेघ खोडता येत नाही, म्हणून सुई टेकवण्यापूर्वी आकार पूर्ण डोळ्यांसमोर असावा लागतो. शाई त्वचेच्या आतल्या थरात बसते आणि वरच्या थरातून दिसते. त्यामुळे वाळलेल्या तैलरंगावर पारदर्शक रंगाचा हात फिरवला की खालची छटा कशी बदलते, हे त्याला समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आली नाही. काळी शाई कमीअधिक पातळ करून चेहऱ्याचा उठाव साधणेही तो तिथेच शिकला.

टॅटूने त्याला सारे दिले, असे मात्र मी म्हणणार नाही. टॅटूत उजेडासाठी बहुधा कातडी कोरी सोडतात, तैलरंगात तो उजेड रंग मिसळून चढवावा लागतो. शाई काळानुरूप त्वचेत पसरते, म्हणून टॅटूला ठसठशीत बाह्यरेषा लागते. तैलचित्रात गालाची कड सावलीत विरू द्यावी लागते. त्याचे सुरुवातीचे चेहरे कापून चिकटवल्यासारखे दिसत. छायाचित्र बाजूला ठेवून, आईला खिडकीशी बसवून त्याने महिनोन्‌महिने काम केले, तेव्हा त्या कडा मऊ झाल्या.

अमेरिकेतील एड हार्डी यांनी मुद्राचित्रणाची (ठशांवरून छापून चित्रे करण्याच्या कलेची) पदवी घेऊन येल विद्यापीठातील पुढील शिक्षणाची संधी सोडली, टॅटूकला पत्करली आणि पुढे ते पुन्हा चित्रकलेकडे वळले. सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयाने २०१९ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरवले, त्यात टॅटूची रेखाटने मानाने मांडली होती. आणि आपल्या कोल्हापूरचे चित्रकार व चित्रपटकार बाबूराव पेंटर तर सुतारकाम करणाऱ्या घरातले. कोणत्याही कलाशाळेत न जाता नात्यातले बंधू आनंदराव यांच्यासोबत नाटकांचे पडदे रंगवत ते घडले. त्यांच्याच गावात एका चित्रकाराला आपली उमेदवारी लपवावी लागते, हे मला अधिक लागते.

आपल्या दैनिकात प्रदर्शनांची वृत्ते नियमित येतात. त्यांत चित्रकाराची पदविका व तिचे वर्ष छापले जाते, तशीच अशा चित्रकारांची टॅटूच्या दुकानातील वर्षेही छापावीत, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, कोल्हापूर