केजिमकुजिकच्या तळ्यावर येण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही इथे हॅलिफॅक्सला असाल, तेव्हा दोन रात्री केजिमकुजिक राष्ट्रीय उद्यानात काढायच्या असं आम्ही ठरवलंय. रात्री मुक्काम आणि दिवसा तळ्यात कनू, म्हणजे वल्ह्याची हलकी होडी. या वयात झेपेल का, असं तुम्ही विचारलंत. झेपेल. फक्त सगळा बेत तुमच्या गुडघ्यांच्या आणि झोपेच्या हिशेबाने आखायला हवा. फोनवर अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून हे लांबलचक पत्र. निघण्याआधी दोघांनीही एकदा नीट वाचा.

आधी जागेबद्दल. हे उद्यान कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांताच्या आत, जंगलात आहे, घरापासून गाडीने साधारण दोन तासांवर. इथल्या मूळनिवासी मिगमॉ लोकांची ही जुनी भूमी. फंडीच्या खाडीपासून अटलांटिकपर्यंत नद्या आणि तळी जोडत ते भूर्जाच्या सालीच्या कनूंमधून याच पाण्यावरून जात. काठच्या पाटीच्या दगडावर त्यांनी कोरलेली पाचशेहून अधिक चित्रं आहेत. ती फक्त वाटाड्याबरोबरच पाहता येतात, कारण दगड इतका मऊ आहे की बुटाच्या टाचेनेही झिजतो. या वारशामुळे १९९५ मध्ये उद्यानाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचाही दर्जा मिळाला. बाबा, त्या फेरीची वेळ मी आधी बघून ठेवते. तुम्हाला सगळ्यात जास्त तीच आवडेल.

ऑगस्टची अखेर का, तर मे-जूनमध्ये इथे काळ्या माश्या अक्षरशः चावून खातात आणि जुलैत डास असतात. ऑगस्टअखेर दोन्ही बरेच कमी होतात आणि उथळ तळ्याचं पाणी अजून उबदार असतं. सप्टेंबर त्याहून शांत, पण ते वादळांचे दिवस. २०१९ च्या सप्टेंबरात डोरियन आलं, २०२२ च्या सप्टेंबरात फिओना. उलट ऑगस्ट कोरडा गेला तर वणव्याची भीती असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये या प्रांतात जंगलात पाऊल टाकायलाच बंदी होती आणि दंड होता २५,००० डॉलर. त्यामुळे आदल्या आठवड्यात बेत बदलला, तर मन खट्टू करून घेऊ नका.

आता कनू. ही आपल्या कोकणातल्या होडीसारखी जड नसते. १७ फुटांची, अरुंद, वरून उघडी आणि दोन्ही टोकांना निमुळती. ती उलटते ती बहुतेक वेळा लाटेमुळे नाही, माणसांच्या हालचालीमुळे. कोणी उभं राहतं, कोणी मागचा डबा घ्यायला वळतं, कोणी पाण्यातलं कासव पाहायला वाकतं. म्हणून एक नियम पाठ करा: नाक कनूच्या काठाच्या आत. डोकं काठाबाहेर गेलं की अंगाचं वजन त्याच्यामागून जातं. कनू डुलली की आपला हात आपोआप काठ धरायला जातो, तेही करायचं नाही, कारण काठ धरला की आपण तो खाली दाबतो. कंबर सैल ठेवायची, बूड जागचं हलवायचं नाही. दोन-तीन हेलकाव्यांत ती स्वतःच सावरते.

तुम्ही दोघंही मधे, तळाशी बसाल. पाठीला टेकू देणारी घडीची खुर्ची आहे, तिच्याखाली फोमची जाड चटई घालू म्हणजे तळाची ओल लागणार नाही. वल्हवणारे कनूत बरेचदा गुडघ्यांवर बसतात. तुम्हाला ते अजिबात करायचं नाही, पाय समोर पसरायचे. वजन जितकं खाली तितकी कनू स्थिर, म्हणजे तुमची जागाच सगळ्यात सुरक्षित. दर पाऊण तासाने काठाला लागून उतरू, तोवर घोटे आणि पायाची बोटं हलवत राहा.

कनू दोन घेतोय. एकीत मागे मी, मधे बाबा, पुढे तुमची नात. दुसरीत मागे जावई, मधे आई, पुढे नातू. इथे वजनाचा हिशेब नीट करावा लागतो. मागे ७० किलोचा माणूस आणि पुढे ३५ किलोचं मूल असलं की पुढचं टोक पाण्याबाहेर उचललं जातं, वारा त्यालाच धरतो आणि कनू सारखी भरकटते. त्यामुळे तुम्हाला मधल्या दांडीच्या थोडं पुढे बसवू आणि २० लिटरचा पाण्याचा कॅन मुलांच्या पायामागे ठेवू. वारा समोरून असेल तर पुढचं टोक किंचित जड हवं, पाठीमागून असेल तर मागचं. सगळं सामान चढल्यावर कनूचा काठ पाण्यापासून निदान १५ सेंटिमीटर वर राहिलाच पाहिजे. नसला तर सामान उतरवायचं, यात भिडेला जागा नाही.

चढताना कनू किनाऱ्याला समांतर आणि पूर्ण तरंगती हवी. अर्धी वाळूवर टेकलेली असली की ती लटपटते. जावई ती दोन्ही हातांनी धरतील. तुम्ही वाकून दोन्ही काठांवर एकेक हात ठेवायचा, पाऊल बरोब्बर मध्यरेषेवर टाकायचं, दुसरा पाय आत आणायचा आणि लगेच बसायचं. काठ धरायची परवानगी फक्त चढता-उतरताना, कारण तेव्हा दोन्ही बाजूंना सारखा भार पडतो. उतरताना हेच उलट. घाई अजिबात नाही, मागे कोणी ताटकळलं तर ताटकळू दे.

बाबा, तुम्हाला वल्हं देणार आहे. वरचा हात मुठीवर, खालचा हात पात्याच्या वर वीतभर. हाताने ओढू नका, खांदे वळवून धड फिरवा, नाहीतर अर्ध्या तासात दंड भरून येतील. पातं गुडघ्यापुढे पाण्यात घालायचं आणि कमरेपाशी आलं की काढायचं. त्याच्या मागे ओढलं तर कनू पुढे जात नाही, नुसती वळते. ताल पुढच्या वल्ह्याचा धरायचा. बाजू बदलायची असेल तर आधी मोठ्याने सांगा, कारण दोघं एकदम एकाच बाजूला कलले तर पंचाईत होते. दिशा राखणं माझं काम, मागून.

उद्यानातल्या जेक्स लँडिंग या धक्क्यावरून निघायचं. पहिला तास मर्सी नदीत, कारण तिथलं पाणी संथ आणि दोन्ही काठ जवळ. तिथे हात बसला तरच मोठ्या तळ्यात शिरायचं, तेही सकाळीच. दुपारी वारा वाढतो, आणि तळं उथळ असल्याने लाटा लगेच उभ्या आणि आखूड होतात. म्हणून सातला पाण्यात, अकराच्या आत मुक्कामावर. काठाकाठाने जायचं, अंतर वाढतं, पण मधोमध कापायचं नाही. लाटा आल्याच तर त्या तिरप्या घ्यायच्या, आडव्या नाहीत. गडगडाट ऐकू आला की किनारा गाठायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

इथलं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी असतं. ती घाण नाही. दलदलीतल्या शेवाळाचा आणि पाचोळ्याचा अर्क त्यात उतरतो. अडचण एवढीच की वीतभर खाली असलेला खडकही दिसत नाही. नातवंडं पुढे बसून पाहतील, पण कधीतरी कनू खडकावर चढणारच. ती मधोमध टेकली की भोवऱ्यासारखी डगमगते. तेव्हा कोणी उठायचं नाही. मी वल्ह्याने मागे रेटीन, लागलं तर तुम्हाला हातभर मागे सरकायला सांगेन, बसल्या बसल्याच.

लाइफ जॅकेट काठावर चढवायचं ते परत काठावर येईपर्यंत काढायचं नाही. बाबा, तुम्ही कृष्णेत पोहलेले आहात हे मला माहीत आहे, तरीही. प्रत्येकाच्या मापाचं जॅकेट, निदान १५ मीटरची तरंगती दोरी, पाणी उपसायचं भांडं आणि शिट्टी एवढं कनूत ठेवणं इथल्या कायद्याने सक्तीचं आहे. माप तपासायची रीत: सगळे पट्टे आवळून झाल्यावर कोणीतरी खांद्यापाशी धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. आणि कनू उलटलीच तर तिला सोडून पोहत सुटायचं नाही. उलटी झालेली कनूही तरंगते, तिला धरून राहायचं. पहिला मिनिटभर फक्त श्वास आवरायचा. गारठ्याने धाप लागते आणि त्या धापेत पाणी नाकातोंडात जातं. दुसरी कनू दोन मिनिटांत जवळ येईल, आम्ही एकमेकांच्या हाकेच्या अंतराबाहेर जाणार नाही.

कपडे सुती नकोत. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. आई, साडी आणि ओढणी त्या दोन दिवसांपुरती बाजूला ठेव, लांब टोकं पाय अडकवतात. पटकन वाळणारी पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मागे पट्टा असलेल्या सँडल मी इथे घेऊन ठेवते. लोकरीची कानटोपी आणि मोजे मात्र तुमचेच आणा.

पहिली रात्र जेरेमीज बेच्या तळावर, ओटेंटिकमध्ये. म्हणजे लाकडी जमिनीवर उभारलेला मोठा तंबू, आत गादीचे पलंग. अंथरूण-पांघरूण आपण न्यायचं. स्नानघरं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दुसरी रात्र तळ्याकाठच्या, फक्त कनूने पोचता येईल अशा जागी, आणि तिथे खरा तंबू. पहिल्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही, तर दुसरी रात्र रद्द करून घरी परतायचं. आम्ही नाराज होऊ म्हणून गप्प बसू नका, एवढंच मागणं आहे.

तंबूत तुमच्यासाठी घडीच्या खाटा नेतोय, कारण जमिनीवरून उठणं गुडघ्यांना जड जातं. पण खाटेखालून हवा खेळते आणि थंडी पाठीतून शिरते, जाड पांघरुणाने ती थांबत नाही. म्हणून खाटेवर आधी फोमची चटई, मग स्लीपिंग बॅग. रात्री पारा दहाच्या खाली उतरू शकतो. झोपताना दिवसाचे कपडे बदलायचेच, घामाची ओल थंडी वाजवते. गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली पायाशी. तंबूत शेगडी पेटवायची नाही, कितीही गारठा असो. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

तळ्याकाठच्या जागी संडास म्हणजे खड्ड्यावर बांधलेली बैठक, पाण्याची सोय नाही. तांब्या मी नेणारच आहे. फक्त आंघोळीचा किंवा भांड्यांचा साबण तळ्यात जाता कामा नये. पाणी उचलून काठापासून सत्तर पावलं आत नेऊन वापरायचं. प्यायचं पाणी आधी गाळून मग उकळायचं, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट. रंग तसाच राहील, त्याची चिंता नको.

जेवण आपलंच. दोन बर्नरची प्रोपेन शेगडी आणि ४६५ ग्रॅमचे तीन सिलिंडर. एक सिलिंडर एका बर्नरवर पूर्ण आचेला साधारण दोन तास चालतो. पाच लिटरच्या कुकरमध्ये सहाजणांची मऊ खिचडी: ३५० ग्रॅम तांदूळ, १७५ ग्रॅम मूगडाळ, दोन लिटर पाणी. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवले की गॅस वाचतो. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, नाहीतर डाळीचा फेस शिट्टीत अडकतो. सकाळी भाजलेल्या रव्याचा उपमा, दुपारी थालीपीठं. आई, भाजणी आणि मेतकूट तूच आण आणि विमानतळावरच्या अर्जात सगळं खाण्याचं सामान जाहीर कर. ताजी फळं, भाज्या, बिया नकोत. सुकट-बोंबीलही नकोत, कारण जंगलात काळी अस्वलं आहेत, आणि त्यांच्याहून जास्त त्रास अन्न चोरणाऱ्या रॅकून या प्राण्याचा. वास येणारं काहीही तंबूत ठेवायचं नाही, म्हणजे फक्त जेवण नव्हे. अमृतांजन, खोबरेल तेल, दंतमंजन, बडीशेपेची डबी, सगळं रात्री अन्नाच्या पिंपात आणि पिंप तंबूपासून लांब. जळाऊ लाकूड घरून न्यायचं नाही. हेमलॉक झाडांचा रस शोषून ती मारणारी कीड २०१७ मध्ये प्रांताच्या नैर्ऋत्य भागात सापडली आणि अशा किडी लाकडातून पसरतात. इथली काही हेमलॉक झाडं तीनशे वर्षांहून जुनी आहेत.

गोचिडींचं मात्र मनावर घ्या. इथल्या काळ्या पायांच्या गोचिडीतून लाइम नावाचा आजार होतो. पँट मोज्यात खोचायची, औषध फवारायचं आणि रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कानामागे तपासायचं. चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, काडी, चुना काही लावायचं नाही, त्याने ती अंगातले रोगजंतू उलट आत सोडू शकते. चोवीस तासांच्या आत निघाली तर धोका फार कमी.

आता तुमच्याकडून हव्या असलेल्या गोष्टी. बाबा, रक्तदाबासाठी लघवीची गोळी सकाळी घेता, आणि नेमकं तेव्हाच आपण पाण्यात असू. तिची वेळ त्या दोन दिवसांपुरती बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने बदलू किंवा चुकवू नका. दोघांच्या गोळ्या दोन वेगळ्या पुड्यांत आणा, मी त्या दोन कनूंमध्ये जलरोधक पिशव्यांत ठेवीन, म्हणजे एक भिजली तरी दुसरी राहील. उद्यानात मोबाइलचा भरवसा नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मी जवळ ठेवणार आहे. प्रवासविम्यात आधीपासूनचे आजार लिहिलेत की नाही, ते एजंटकडून लेखी घ्या. आणि दोघांच्या छातीचा घेर, वजन आणि पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा. जॅकेटं आणि कनू जुलैतच राखून ठेवाव्या लागतात, तेव्हा हे या रविवारच्या फोनवर सांगितलंत तर बरं.

तुमची,
मनू