पासपोर्टचं, आणि आईच्या गुडघ्याचं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला जाते आणि भाजीबिजीचं बोलून ठेवून देते, म्हणून लिहितेय. मी अमेरिकेचं नागरिकत्व घेतेय. अर्ज मंजूर झालाय, पुढच्या महिन्यात शपथ. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल.

बाबा, लगेच चष्मा काढून ठेवू नका. रॉकेटच्या इंधनाचं काम इथे शस्त्रांच्या निर्यात-नियमांत मोडतं. ग्रीन कार्डवर आजवर भागलं, पण पुढच्या प्रकल्पाला गोपनीय कामाची जी मंजुरी लागते ती नागरिकांनाच मिळते. नाही म्हटलं असतं तर जन्मभर दुसऱ्यांचे नमुने तपासत बसले असते. मूळच्या भारतीयांना परदेशी नागरिक झाल्यावर मिळतं ते ओसीआय कार्ड काढणारच आहे, मग दर वेळी व्हिसाची कटकट नाही. मतदान तेवढं जाईल. शेतजमीन विकत घेता येणार नाही, वारशाने आलेली चालते. असो, तो विषय नको.

आई, तुला स्फोटाची धास्ती. उपग्रहाला वर गेल्यावर इकडे-तिकडे सरकवायला वर्षानुवर्षं हायड्राझिन वापरतात. ते इतकं विषारी की भरणारी माणसं हवाबंद पोशाखात असतात. मी त्याला पर्याय म्हणून आलेल्या द्रवांवर काम करते; तसला एक नासाने २०१९ मध्ये अवकाशात चालवूनही पाहिला. तो पेटायलाच कुरकुरतो, उत्प्रेरक आधी चांगला तापवावा लागतो. चाचणीच्या वेळी आम्ही भिंतीपलीकडे, पडद्यासमोर. डब्यात पोळी-भाजी असते, पोळ्या विकतच्या, पण बऱ्या.

बाबा, तुम्ही खडकीच्या कारखान्यातून आलात की मी तुमचे खिसे चाचपायचे. गोळी मिळायची, काडेपेटी कधीच नाही. दिवाळीत फुलबाजीसाठीही आईची गॅसजवळची आणायचात. आत काय बनवता ते घरी चकार शब्दाने सांगितलं नाहीत. आता मीही सांगणार नाही. तुम्ही ते आपल्या देशासाठी केलंत, हे मला कळतं हो. रागावलात तरी फोन उचला.

आता ऐका. आईने गुडघ्याचा एक्स-रे याच आठवड्यात काढायचा, दादाला सुट्टी मिळेपर्यंत थांबायचं नाही. बाबांनी बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही, आणि कर्वे रोड सिग्नललाच ओलांडायचा. गॅसची नळी बदलून घ्या, मागच्या वेळी पाहिली तेव्हाच तडकली होती. पैसे पाठवलेत, ते एफडीत टाकू नका.

तुमची,
चिमी