मारुतीच्या गळ्याशी पाणी

पंचवटी, नाशिक

प्रिय मित्रा,

आपल्या मोबाइल कॉमिकच्या बाराव्या भागाची स्क्रिप्ट मिळाली. रात्री दोनदा वाचली, सकाळी पुन्हा. पुराचा प्रसंग तू जीव ओतून लिहिलायस, आणि तरी मी एक मागणं मागतोय. त्यातले संवादांचे सगळे फुगे काढून टाकू दे. ‘पाणी वाढतंय’, ‘आता वेळ नाही’, नायिकेच्या मनातली ती दोन लांबलचक वाक्यंसुद्धा. अठरा चौकटी, आणि शब्द एकही नाही.

काल गंगापूर धरणातून पाणी सोडलं म्हणून संध्याकाळी गोदाघाटाकडे गेलो होतो. पुलावर ही गर्दी! नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला, म्हणजे आम्हा नाशिककरांच्या पूर मोजायच्या खुणेला, पाणी लागलं होतं. शेजारी एक आजी नातवाचा हात धरून उभ्या होत्या. पाणी छातीकडे सरकलं तसा त्यांनी त्याचा हात सोडला आणि मनगट धरलं. तोंडातून शब्द नाही. माझ्या पोटात खड्डा पडला रे. मला तीच चौकट काढायचीय. आपल्या नायिकेच्या डोळ्यांवर मुखवटा आहे, चेहरा अर्धा झाकलेला. भीती दाखवायची तर तिच्या हातांतूनच दाखवावी लागेल.

आता तुझी शंका मला ठाऊक आहे. नाशिककराला मारुतीच्या गळ्याशी पाणी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, पण सांगली-नागपूरच्या वाचकाला कसं कळणार? म्हणून अकराव्या भागात टपरीवरच्या एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडी एक वाक्य घाल: ‘मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं की दुकानं रिकामी करायची.’ चहा पिता पिता, सहज. कशाला घाबरायचं हे वाचकाला आधी माहीत असेल तरच पुढचं मौन त्याला धरून ठेवेल, नाहीतर ती नुसती चित्रं. 1984 साली लॅरी हामा यांनी ‘जी. आय. जो’ या अमेरिकन कॉमिकचा 21वा अंक अख्खा शब्दांविना केला, आणि तो कुठेही अडखळत नाही. किल्ल्यात एकजण कैदेत आहे, दुसरा सोडवायला निघालाय, एवढं समजलं की पुरे. आपल्या फाळक्यांच्या मूकपटांनासुद्धा मधूनमधून मजकुराच्या पाट्यांचा आधार होता. इथे तोही नाही.

दुसरी गोष्ट मी सातव्या भागात चुकून शिकलो. तिथल्या मारामारीत सहा चौकटी बिनशब्दांच्या होत्या आणि वाचक भराभर खाली सरकले. वाचायला काही नसलं की अंगठा थांबत नाही. तो थांबवायचा तर डोळ्यांना काम द्यायला हवं. म्हणून मारुती तीनदा काढणार, त्याच कोनातून, तेवढाच, तिथेच. बदलेल फक्त पाणी. आधी कंबर, मग छाती, मग गळा. काय बदललं ते शोधायला वाचक आपोआप रेंगाळेल. कंबर आणि छातीमध्ये बोटभर जागा ठेवतो. छाती आणि गळ्यामध्ये मात्र दोन स्क्रीनभर नुसता काळोख. छापील पुस्तकात पान उलटताना जो श्वास अडकतो, तो मोबाइलवर या रिकाम्या जागेतूनच मिळवावा लागतो.

घाटावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपाशी तू ‘ठण्ण’ लिहिलंयस. तेही नको. वसईच्या विजयाची आठवण सांगणारी एवढी मोठी घंटा एका बाजूला कललेली दिसली की तिचा आवाज वाचकाच्या कानात आपला आपण घुमेल. तिथे अक्षरं आली की तो आवाज आपला राहतो, त्याचा होत नाही.

एक शब्द मात्र तुझा ठेवतोय. अठराव्या चौकटीनंतर नायिका पाण्यातून त्या पोराकडे हात टाकते तेव्हाचा ‘धर!’ इतका वेळ काहीच न ऐकल्यावर तो केवढा मोठा वाटेल, विचार कर. तो मी हातानेच लिहीन, फॉन्ट नको.

तुला पटलं नाही तर रात्री फोन कर, भांडू. पटलं तर टपरीचं ते वाक्य शुक्रवारपर्यंत पाठव. उद्या पाऊस उघडला की घंटेची स्केचेस करायला घाटावर जातोय.

तुझाच,
पंचवटीकर