लांबच्या सायकल सफरीआधी मागचे चाक तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी झाली, पाऊस ओसरला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली तरुण मंडळी सायकली घेऊन गोव्याकडे किंवा आंबोलीकडे निघतात. उत्साह कौतुकाचाच आहे. पण तयारी म्हटली की हेल्मेट, चष्मा आणि मोबाईलचा स्टँड डोळ्यांपुढे येतो, आणि सफर अडते ती मागच्या चाकापाशी.

कॅरियरवर दहा-बारा किलो सामान चढले की स्वाराचे आणि सामानाचे मिळून निम्म्याहून बराच जास्त भार मागच्या चाकावर पडतो. स्पोक फार ताणल्यामुळे तुटतो असा समज आहे. बहुतेक वेळा तो तुटतो ढिला असल्यामुळे. प्रत्येक फेऱ्यात जमिनीकडचा स्पोक किंचित सैल पडतो, वर गेला की पुन्हा ताणतो. मुळातच ढिला असेल तर हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकाशी तो हलत राहतो आणि हजारो फेऱ्यांनंतर तिथेच तुटतो. एक गेला की चाक आऊट होते, म्हणजे डगमगत वाकडे फिरते, रिम (चाकाची बाहेरची कडी) ब्रेकला घासते आणि शेजारचेही जाऊ लागतात. म्हणून निघण्याच्या दोन आठवडे आधी जाणत्या मिस्त्रीकडून सगळे स्पोक सारखे ताणून आऊट काढून घ्या, सामान लादून शे-दोनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा एकदा तपासून घ्या. घरी पाहायचे तर जोडी-जोडीने मुठीत दाबून पाहा. गिअरच्या सायकलला उजवीकडचे स्पोक घट्ट आणि डावीकडचे मऊ लागतात, ते तसेच असायचे. तुलना एकाच बाजूच्या स्पोकमध्ये करा.

जादा स्पोक दोन्ही बाजूंचे घ्या, प्रत्येकी दोन. उजवीकडचे एक-दोन मिलिमीटरने आखूड असतात, म्हणून चाक मोजूनच खरेदी करा आणि फ्रेमला टेपने चिकटवून ठेवा. उजवीकडचा बदलायला आधी फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) काढावे लागते. त्याचा पाना गावच्या दुकानात मिळेलच असे नाही, स्वतःचा ठेवा. अगदीच अडले तर तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळा, रिमवरचे लगतचे दोन स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करा, रिम ब्रेक असेल तर मागचा ब्रेक थोडा मोकळा करा आणि पुढचे मोठे गाव गाठा.

दुसरी अडचण ट्यूबची. गावातल्या पंक्चरवाल्याकडे साध्या काळ्या सायकलची २८ × १½ ट्यूब असते, आपल्या गिअरच्या सायकलच्या ७०० सी मापाची नसते. तात्पुरती ती चालेलही, पण व्हॉल्व अडवतो. बारीक व्हॉल्वच्या रिमला ६.५ मिलिमीटरचे भोक असते, त्या ट्यूबच्या जाड व्हॉल्वला ८.५ लागते. टायर तर बदलून बसतच नाही, कारण काळ्या सायकलच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर आणि आपल्या रिमचा ६२२. म्हणून दोन ट्यूबा, ठिगळे, सोल्युशन आणि हातपंप सोबत हवेतच. बारीक व्हॉल्व असेल तर गॅरेजच्या कॉम्प्रेसरसाठी पितळी अडॅप्टरही घ्या. ३५ मिलिमीटरच्या टायरला सामानासह हवेचा दाब मागे साठ आणि पुढे पन्नास पीएसआयच्या आसपास ठेवा. टायरवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून फडके फिरवा. बाभळीच्या काट्याचे टोक आत राहिले तर दहा मिनिटांत पुन्हा खाली बसाल.

जांबोटी, कणकुंबी सोडून चोर्ला घाट गोव्यातल्या केरीकडे उतरतो तेव्हा ब्रेक सतत दाबून धरू नका. रिम तापली की ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग कमी करा, मग पूर्ण सोडा म्हणजे रिमला वारा लागेल. ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेक फार कमी धरतो. सकाळच्या धुक्यात तर त्या सायकलने घाट उतरूच नये. घाटाआधी ब्रेकच्या रबराच्या खाचा बघा, बुजल्या असतील तर रबर बदला.

उत्तरेकडे आणि पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. हुक्केरी, चिकोडी, रायबाग, अथणी भागात गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात. मागची ट्रॉली झोलते, आणि तिला मागे दिवा असेलच असे नाही. शेजारून पुढे काढू नका, अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचा. सौंदत्ती, बैलहोंगलच्या काळ्या मातीत अवकाळी पाऊस पडला तर पाणंदीत शिरू नका. चिखल मडगार्डमध्ये भरून चाक जागीच अडते. डांबरी रस्ताच धरा.

तहान लागायची वाट पाहू नका, उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोट-घोट प्या. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ घाला. शेंगदाण्याची पोळी दोन-तीन दिवस टिकते आणि पोटाला आधार देते.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी तीन कन्नड शब्द लिहून घ्यावेत : हवेला गाळी, पाण्याला नीरु, वाटेला दारी. आतल्या रस्त्यांवर पाट्या बऱ्याचदा फक्त कन्नडमध्ये असतात, तेव्हा मार्गावरच्या गावांची नावे कन्नड लिपीतही कागदावर उतरवून न्या.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, खानापूर