एमएसच्या पेशंटांना ग्रुपचा आधार, पण सर्टिफिकेटचं काय?

संपादक साहेब,

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं आवरण खराब करते, आणि हे बहुतेक वेळा 20 ते 40 वयातच उघड होतं, बायकांमध्ये जास्त. ऐन नोकरी-लग्नाच्या वयात! आमच्या ओळखीत दुसऱ्या कोणालाच नाही, त्यामुळे तिला खरा आधार मिळाला तो पेशंटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा. उन्हाळ्यात अंग तापलं की नजर धूसर होते, पाय जड होतात, पण तो दरवेळी नवा अटॅक नसतो, गारव्यात बसलं की बरंच ओसरतं, हे तिथल्याच एका ताईंनी सांगितलं आणि मग डॉक्टरही तेच म्हणाले. लाइट गेल्यावर फ्रिजमधली इंजेक्शनं कशी सांभाळायची हेही तिथंच कळतं. (औषधं मात्र ग्रुपवर विचारून बदलू नका, प्लीज.) मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया 1985 पासून काम करतेय, पण लहान गावातल्या माणसाला हातातला फोनच जवळचा.

पण दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काही ग्रुप देऊ शकत नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात या आजाराचं नाव आहे, तरी तपासणीला गेलं की "चालताय की नीट" असं ऐकावं लागतं. अहो, हा आजार कमी-जास्त होतो, थकवा तर दिसतच नाही! एका दिवसाच्या चालण्यावरून दिव्यांगत्वाचे टक्के ठरवू नका, जुने एमआरआय आणि न्यूरॉलॉजिस्टचे कागद पण बघा, एवढी मागणी आपण छापाच.

- एक वाचक, नाशिक