चि. मंदार यास, दत्तकाविषयी

डिचोली, गोवा

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी निघता निघता तू पायरीवर थांबून मूल दत्तक घेण्याचा विचार सांगितलास आणि मी "जेवून तरी जा" एवढेच म्हणाले. अनघाचा चेहरा उतरला, ते मी पाहिले. माझ्या गप्प राहण्यात नापसंती नव्हती. मला माझी चुलत बहीण आठवली होती.

तिला दत्तक घेतल्याचे साऱ्या वाड्याला ठाऊक होते, फक्त तिलाच नव्हते. ती सोळा वर्षांची असताना चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची माटोळी बांधत होतो. तिच्या हातात सुपारीचा घड होता, केवणीच्या दोराची गाठ अर्धी बसली होती, तेवढ्यात एक नातलग बाई कौतुकाने म्हणाल्या, "रक्ताची नसली तरी घरचे वळण छान उचलले हो हिने." तिने गाठ पूर्ण बांधली, खाली उतरली, आणि त्या वर्षी आरतीला आली नाही. आपण दत्तक आहोत याचे तिला पुढे फारसे वाटले नाही. आपल्याखेरीज सर्वांना माहीत होते, एवढे मात्र तिने आईला कधीच माफ केले नाही. म्हणून माझी अट एकच: बाळाला समजू लागण्याआधीपासूनच त्याच्या येण्याची गोष्ट घरात मोकळेपणाने बोलली जावी.

आता तुम्हा दोघांविषयी. उपचारांची इतकी वर्षे अनघाने सोसली. ते दुःख विसरण्यासाठी मूल आणायचे आहे की मूलच हवे आहे, हे एकमेकांना शांतपणे विचारा. कायद्याला दोघांची संमती लागते, पण सही आणि मनाची तयारी यांत अंतर असते. तयारी असेल तर मात्र रेंगाळू नका. दोन वर्षांखालील मूल हवे असल्यास पती-पत्नींच्या वयांची बेरीज 85 च्या आत लागते. तुमची आज 80 भरते आणि ती दर वर्षी दोनाने वाढते. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा 90, तर चार ते आठसाठी 100 आहे. थोड्या मोठ्या मुलाचाही विचार करा, कारण तान्ह्या बाळासाठी थांबणारी जोडपी पुष्कळ आणि बाळे थोडी असल्याने वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते.

सुरुवात केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या पोर्टलवर नोंदणीने होते. मग सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन तुमचा गृह अध्ययन अहवाल करते (त्या दिवशी पडदे धुवायला काढण्याची गरज नाही, ती पडदे पाहायला येत नसते). मूल निश्चित झाल्यावर ते आधी संगोपनासाठी तुमच्याकडे येते. दत्तकाचा आदेश 2022 पासून न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात, आणि पुढे दोन वर्षे मुलाची विचारपूस चालू राहते. शेजारच्या काकींनी कुणा नर्सकडून 'लगेच बाळ' मिळवून देण्याचे सुचवले आहे, त्या वाटेला चुकूनही जाऊ नका. ती वाट तुरुंगाची आहे, आणि त्यात कुणाचे तरी मूल विकले जाते.

तुझ्या मोठ्या काकांनी परवा वाटणीचा विषय काढलाच. 1956चा हिंदू दत्तक कायदा गोव्यात लागू नाही, तेव्हा तुम्ही 2015 च्या बाल न्याय कायद्यानेच जा. त्यानुसार आदेश झाल्यावर ते मूल सर्व अर्थांनी तुमचे अपत्य ठरते. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात अपत्यांना डावलून अर्ध्याहून अधिक मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, हे काकांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. त्यांच्याशी मी बोलेन.

तुमच्या लग्नाचा दाखला माझ्या कपाटात सापडला, नोंदणीला लागेल. येत्या रविवारी अनघाला घेऊन ये. या वेळी जेवण आधी करू, म्हणजे बोलायला वेळ उरेल.

तुझी,
आई